कणकेवरचा अंगठा

कुल्फीची पेटी भरताना झुंबरबाई कुणाला हात लावू देत नसे. खामगावच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या पहाटेच आणायच्या, फोडून जाड्या मिठात कालवायच्या, त्यात पत्र्याच्या डब्या उभ्या रुतवायच्या. भोवती लाकडाचा भुसा चेपायचा, वरून ओलं गोणपाट. दर डबीच्या झाकणाला कणीक लावून तिच्यावर ती स्वतःचा अंगठा दाबायची. ठसा जसाच्या तसा राहिला, म्हणजे डबी वाटेत कुणी उघडली नाही.

हा नेम तिनं नवरा गेल्यावर धरला. किसनराव आधी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. तिथं यंत्रात त्याच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. मग दोघांनी कुल्फीचा धंदा धरला. माणूस वाईट नव्हता, पण विरघळलेली कुल्फी फेकायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. "वाया कायले घालवतं? पुन्हा गोठवली का झालं," हे त्याचं ठरलेलं बोलणं. दोन वर्षांमागं एका लग्नात तशीच गोठवलेली कुल्फी त्यानं वाढली. पंगत ओकायला लागली, तेव्हा कुल्फीत काही नाही हे दाखवायला हा गडी सगळ्यांसमोर उभ्या उभ्या चार डब्या खाऊन मोकळा झाला. बाकीचे वाचले. तो तिसऱ्या दिवशी गेला.

तेव्हापासून झुंबरबाईला लग्नाचं काम कुणी दिलं नव्हतं. आज पिंपळगाव राजाच्या उकंडरावांनी दिलं होतं, नातीच्या लग्नाचं. साठ डब्या. नीट पोचल्या तर लोक पुन्हा विचारतील. नाही पोचल्या, तर पेटी फोडून चुलीत घालायची आणि दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून युसूफची लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं लोखंडी भट्टी, टपावर कोळशाची पोती. पेटी चढवल्यावर झुंबरबाईनं झाकणावर कोळशाचे तीन खडे ठेवले. पांढरं खाणं वाटेनं न्यायचं तर त्यावर कोळसा ठेवतात, मागं काही लागू नये म्हणून.

"मावशी, माह्या गाडीत कोळसाच कोळसा हाय. भुताची काय बिशाद," युसूफ म्हणाला.

"तू भट्टी पाय. दात नको दाखवू."

अर्ध्या वाटेवरच्या नाल्यापाशी लॉरी बसली. ऊन डोक्यावर आलं होतं. बाभळीची सावलीसुद्धा खोडाला चिकटून उभी. युसूफ भट्टी खरवडत होता, फुंकत होता, आईबापाच्या नावानं तिला शिव्या देत होता. झुंबरबाई नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणून गोणपाट भिजवत राहिली. सावल्या लांबायला लागल्या तरी गाडी हलेना.

पाचव्या की सहाव्या खेपेला ती परत आली, तर लॉरीजवळ पाय गार पडले. वारा चुलीच्या तोंडासारखा तापलेला, आणि पेटीभोवती मात्र माघातली पहाट. वेलदोड्याचा वास येत होता. त्याच्या खाली नासक्या दुधाचा. ती कान देऊन उभी राहिली. पेटीच्या आत पत्र्यावर पत्रा लागत होता. टक्... मग थोडं थांबून, टक्... घाई नव्हती. कुणीतरी एकेक झाकण बसवत जावं, तसं.

"युसूफ... खडे कुठं गेले बे? झाकनावरचे?"

"भट्टीत टाकले, मावशी. खाली काढलेलं पोतं सरलं होतं." तेवढ्यात लॉरीनं धक्का खाल्ला आणि इंजिन लागलं. तो हसला. "पाह्यलं? त्याईच्याच जिवावर लागली."

झुंबरबाईनं पेटी उघडली. बर्फाच्या फोडींच्या कडा सकाळसारख्याच धारदार होत्या. वैशाखाच्या उन्हात एवढा वेळ, आणि थेंबाएवढं पाणी नाही.

"अल्लानं लाज राखली तुमची," युसूफ म्हणाला.

तिनं एक डबी उचलली. कणीक घट्ट होती. वर ठसा होता, आखूड, रुंद, टोकाला चापट. वरचं पेर नसलेला. तिनं दुसरी काढली. तिसरी. सगळ्यांवर तोच.

तिनं डब्या परत पेटीत ठेवल्या. मग पेटीकडं पाहून म्हणाली, "जिते होते तवा माहं आयकलं नाही. आता तरी आयका."

"कोनाशी बोलता, मावशी?"

"तू पेटी धर. नाल्यात उलटी कर."

"दगडासारखी हाय कुल्फी... कोनाले कळन?"

"मले कळलं न. धर."

डब्या तिनं एकेक उघडून रिकाम्या केल्या, मोजून. एकोणसाठच निघाल्या. भुसा चाळला, बर्फ उपसला. साठावी नव्हती.

उकंडरावांच्या दारात मांडव होता. सनई ऐन भरात होती. त्यांची बायको रुखमाबाई ओट्यावरच भेटली. झुंबरबाईनं पदर खोचला आणि सरळ सांगितलं, "कुल्फी आनली नाही. बिघडली, फेकली. काय बोलाचं ते बोला."

रुखमाबाई हसली. "बिघडली कशी वं? तुहा मानूस मघाच एक डबी देऊन गेला. चाखा म्हने."

"कोन मानूस?"

"मी काय ओळखतो त्याले? उन्हातून आला, पन हात गार बर्फ. अंगठा असा... अर्धाच." ती आपला अंगठा दुमडून दाखवत होती. "मी म्हटलं, राहू दे, सगळ्याईच्या संगं खाऊ. तर म्हने, वाया कायले घालवता."

झुंबरबाईनं ओट्याचा खांब धरला. "खाल्ली कोनं?"

"नवरीनं. सकाळपासून उपाशी होती पोरगी. लय गोड हाय म्हने."

मांडवातली माणसं घामानं निथळत पंख्यानं वारा घेत होती. आतल्या खोलीतून एक बारीक आवाज आला.

"आजी... गोधडी दे न वं मले. अजून एक दे..."