पंधरा कनेक्शन, एकच नाव

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण दक्षता माझी मावसबहीण आहे आणि ती उगाच काहीबाही बोलणाऱ्यांतली नाही.

गेल्या मार्चमधला मंगळवार. ठाण्यात नौपाड्यातलं तिचं ऑफिस. सकाळचे अकरा वाजलेले, चांगला लख्ख उजेड.

कुठल्या रक्तपेढीत कुठलं रक्त आहे ते सांगणारी साईट तिनेच बनवलेली. साईटवर नाव लागल्याशिवाय पिशवी मिळत नाही. साईटला डेटाबेसशी बोलायला कनेक्शन लागतात. तिने कोडमध्येच दहा ठरवलेली, सगळ्यांत मिळून. काम झालं की परत करायचं, मग ते दुसऱ्याला मिळतं.

त्या दिवशी तिचा भाऊ जयेश कल्याणला ऑपरेशन टेबलवर होता. ओ निगेटिव्ह हवं होतं. तासाभरात.

तिने साईट उघडली.

नुसतं चाक फिरतंय... फिरतंय...

दहाही कनेक्शन अडकलेली.

"सुदेश, कोण वापरतंय रे?"

"कोणीच नाही गं. साईटवर फक्त तूच आहेस," शेजारचा सुदेश म्हणाला.

तिने दहाची पंधरा केली. सर्व्हर पुन्हा चालू केला.

पंधराही गेली... त्याच क्षणी.

मग तिने पाहिलं, मागतायत तरी काय.

पंधराही ओळींत एकच मागणी. इलेन. ओ निगेटिव्ह. एक पिशवी.

दक्षताने ते नाव लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी कनेक्शन परत करायची एक ओळ ती कोडमध्ये लिहायला विसरलेली. त्यामुळे कनेक्शन संपून साईट वीस मिनिटं बंद होती. तेवढ्यात इलेन नावाची बाई रक्ताविना गेली. चूक दक्षताची होती, आणि तिने ती कोणालाच सांगितली नाही.

तिने थेट डेटाबेस उघडला. अख्ख्या जिल्ह्यात एकच पिशवी. तिथे जयेशचं नाव टाकलं... लागेना. कोणीतरी त्या पिशवीची नोंद धरून ठेवलेली.

फोन वाजला. जयेशची बायको, शिवानी वहिनी.

"मिळालं का गं? डॉक्टर परत विचारतायत."

दक्षता रडायलाच लागली. "इलेनताई, माफ कर मला. जयेशला सोड," असं स्क्रीनला म्हणाली. वाटलं, एकदा तिला देऊन टाकू, ती सुटेल, मग नाव बदलू.

तिने इलेनचं नाव टाकलं.

लगेच लागलं. पंधराही कनेक्शन मोकळी.

तिने घाईघाईने जयेशचं नाव लिहिलं.

शिल्लक शून्य... पिशवी नेली.

तिने रक्तपेढीत फोन लावला.

"हो, आत्ताच नेली. बाई स्वतः आलेल्या."

जयेश बाराच्या आत गेला.

साईट आता नीट चालते. पण परवा दक्षता मला हळूच म्हणाली, "आता जयेशनेही मागितलं तर?"