निळ्या झाकणाची बाटली

त्या रविवारी मी बाळकुमहून ठाकुर्लीला गेलेलो ते फार तर अर्ध्या तासाच्या कामासाठी. परत येताना घरी अळूवड्या न्यायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर निघाल्यापासून माझं अर्धं लक्ष त्या अळूवड्यांतच होतं. काम काय, तर एका घरातला एक आवाज काढून टाकायचा. बस्स, एवढंच.

आधी आमचं खूळ सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. खूळ हा शब्द बायकोचा, माझा नाही. घरातले दिवे, पंखे, गीझर, पाण्याची टाकी असं सगळं एका छोट्या कॉम्प्युटरला जोडायचं आणि तो कॉम्प्युटर घरातच ठेवायचा. फोटो आणि कागदपत्रंही त्यातच. मध्ये कुठली कंपनी नको, कुणाचा उपकार नको. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हेच करत बसणारे आमच्यासारखे बरेच रिकामटेकडे आहेत. ठाणे ते कल्याण अशा पंधरा-वीस जणांचा आमचा एक ग्रुप आहे, आणि सलिल टिपणीस त्यातला सगळ्यात शिस्तीचा माणूस. माझं म्हणजे चालतंय ना, मग हात लावू नका. त्याच्या घरात प्रत्येक वायरला नावाची चिठ्ठी. मी त्याला हेडमास्तर म्हणायचो.

सलिल जूनमध्ये गेला. सेहेचाळीस वय. कावीळ झाली, ती बिघडली, आणि ठाण्याच्या एका हॉस्पिटलात अकरा दिवसांत माणूस संपला. मी स्मशानात गेलेलो, दहाव्यालाही गेलेलो, पण त्यानंतर त्या घराची पायरी चढायचा धीर झाला नव्हता. मग ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोचा, मृणालवहिनींचा, फोन आला.

"भावोजी, त्याचा आवाज तेवढा बंद करून द्याल का?"

सलिलच्या आईला, प्रमोदिनीकाकूंना, काचबिंदू आहे. एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्यात थोडं उरलंय, आणि ते टिकवायचं तर दिवसातून तीनदा थेंब घालायचे. सलिलने आधी मशिनमधल्या बाईच्या आवाजात आठवण लावून दिलेली. काकूंनी काही दाद दिली नाही. "ती कोण मला सांगणारी?" म्हणाल्या. शेवटी त्याने स्वतःच्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ. 'आई, थेंब घाल गं. आधी निळ्या झाकणाची बाटली.' माणूस गेला, पण आवाज दिवसातून तीनदा येतच राहिला.

मी पोचलो तेव्हा एक वाजत आलेला. वहिनींनी दार उघडलं आणि मला हॉलच्या कोपऱ्यात नेऊन अगदी हळू बोलल्या.

"मी ऑफिसातून मुद्दाम उशिरा येते, भावोजी. नऊ वाजून गेले की मगच. सकाळी आठला बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहते. किती दिवस करू असं?"

"मग स्पीकर काढून ठेवायचा ना?"

"ठेवलेला. दोनच दिवस. आईंनी सहाच्या सहा वेळा थेंब चुकवले. मी सांगितलं, हातात बाटली दिली, तरी नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय, परत असं झालं तर उरलंय तेही जाईल." त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. "मला आवाज नकोय, आणि त्यांना तो हवाच आहे. सांगा, कसं करायचं?"

मी उपाय आणलेला. खिशात मावेल एवढं एक यंत्र होतं, इअरफोनवालं. सलिलच्या फाइली त्यात घालायच्या, ते काकूंच्या कानाला लावून द्यायचं आणि घरातला आवाज कायमचा काढायचा. काकूंच्या कानात मुलगा, वहिनींना शांतता. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. "सुदेश आलाय ना रे?"

मी दारात गेलो. काकू पलंगाच्या कडेला बसलेल्या, धुतलेलं सुती पातळ, केस चापून बसवलेले.

"मृणालने तुला कशाला बोलावलंय ते कळलंय मला," त्या म्हणाल्या. "आंधळी होतेय, बहिरी नाही झालेले. तिला त्रास होतो, तो कळतो रे मला. पण ती सांगते तेव्हा हातच उठत नाही, त्याला मी काय करू?"

"काकू, आवाज जाणार नाही. फक्त तुमच्यापुरता करून देतो."

"बघ बाबा," त्या म्हणाल्या.

सलिलचा कॉम्प्युटर टीव्हीखालच्या कप्प्यात होता, डब्याएवढा, एक हिरवा दिवा लुकलुकणारा. मी तो टीव्हीला जोडला, बॅगेतून माझा कीबोर्ड काढून लावला. बघतो तर तीन महिन्यांत अपडेट केलेलं नाही. आता आमच्या लोकांची एक खोड आहे. कामाला हात लावायच्या आधी अपडेट करायचं आणि मशिन बंद करून चालू करायचं. हातपाय धुऊन पानावर बसतात ना, तसं. मी डोकं चालवलंच नाही, बोटांनीच ते करून टाकलं.

टीव्ही काळा झाला. मग त्यावर एकच ओळ उमटली. पासवर्ड द्या.

तेव्हा मला आठवलं. चोराने उद्या डबा उचलून नेला तरी घरातलं काही त्याच्या हाती लागू नये म्हणून सलिलने डिस्कला कुलूप घातलेलं. मशिन चालू असेपर्यंत कुलूप उघडं असतं. एकदा बंद झालं की ते उघडायची किल्ली फक्त त्याच्या डोक्यात. आणि ते मशिन बंद मीच केलेलं, स्वतःच्या हाताने.

"वहिनी," मी म्हटलं, "पासवर्ड कुठे लिहिलाय त्याने?"

"लिहून ठेवतो, लिहून ठेवतो म्हणायचा. का हो? काय झालं?"

सांगणं भाग होतं, सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या सोफ्यावर बसल्या. "म्हणजे फोटो पण? कादंबरीच्या लहानपणापासूनचे?" कादंबरी त्यांची लेक, पुण्याला शिकते. मी मान हलवली. मग आम्ही तिचं नाव घालून बघितलं, तिची जन्मतारीख, लग्नाची तारीख, सोसायटीचं नाव, काकूंचं माहेरचं नाव. प्रत्येक वेळी तीच ओळ परत. शेवटी मी कीबोर्डची वायर उपटली आणि तो सोफ्यावर फेकला. अक्कल गहाण ठेवून आलास का रे, असं मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

आणि दोन वाजले.

काही आलं नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. आतून बाटलीचं झाकण उघडल्याचा बारीक आवाज आला, मग काहीच नाही. मी जाऊन बघितलं. काकू निळं झाकण एका हातात, बाटली दुसऱ्या हातात धरून, तोंड वर करून बसलेल्या. वाट बघत.

"आला नाही अजून?" त्यांनी विचारलं.

वहिनी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "आई, मी घालते ना... घालू का?"

"थांब गं. येईल."

सव्वादोन झाले. दोन वीस झाले. त्यांनी बाटली खाली ठेवली नाही. वहिनींनी तोंडावर पदर धरला. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की खिडकीतून उडी मारावी. दोन बायकांचं भलं करायला आलेलो आणि दोघींच्या वाट्याचं होतं नव्हतं तेवढं पुसून बसलेलो.

हॉलमध्ये परत आलो तेव्हा मला वास आला. हॉस्पिटलात सुई टोचण्याआधी कापसाने लावतात ना, त्या स्पिरिटचा. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनाही आलेला.

"भावोजी... टीव्ही..."

पासवर्डच्या ओळीपुढे एक चांदणी उमटलेली, पासवर्ड टाइप करताना अक्षराच्या जागी दिसते ती.

माझा कीबोर्ड सोफ्यावर पडलेला, वायर लोंबत. मशिनला दुसरं काही जोडलेलं नव्हतं. नेटची वायर होती, पण कुलूप उघडेपर्यंत ते मशिन बाहेरच्या कुणाशी बोलतच नाही, हे मी तुम्हाला कुठेही लिहून देतो. दुसरी चांदणी आली. तिसरी, चौथी, पटापट. मग थांबलं. मग एक चांदणी मागे गेली, पुसली गेली, चुकीचं अक्षर पडल्यावर आपण पुसतो तशी. परत एक आली, सावकाश.

वहिनींनी माझं मनगट धरलेलं. "एकाच हाताने..." त्या पुटपुटल्या. "एकाच हाताने टाइप करतोय. दुसऱ्या हाताला सलाइन होतं ना..."

किती अक्षरं झाली ते मी मोजलं नाही. भीती वाटायला हवी होती, आणि अंगावर काटा होताच, पण देवळात गाभाऱ्याचा पडदा बाजूला होतो तेव्हा आपण जसे उभे राहतो तसे आम्ही दोघं उभे होतो. ओळ पूर्ण झाली. टीव्हीवर भराभर अक्षरं धावायला लागली. कुलूप उघडलेलं.

आता हे नीट ऐका. दोनची आठवण दोनला चुकली की चुकली. असली सिस्टिम मागाहून येऊन आठवण करत नाही, पुढची वेळ थेट रात्री नऊची. घड्याळात दोन एकतीस झालेले. आणि आतल्या खोलीतला स्पीकर बोलला. सलिलचाच आवाज, जरा दमलेला.

"आई, आज उशीर झाला गं. निळी बाटली घे."

"असू दे रे," काकू म्हणाल्या. अगदी सहज. "माणसाला होतो कधी उशीर." दारातून दिसलं, त्यांनी मान मागे टाकली, आणि न चुकता डोळ्यात थेंब सोडला.

मी धावत जाऊन त्यांना विचारलं, "काकू, हे असं... वेगळं... तो आधी बोललाय?"

"रोजच बोलतो की. कालच म्हणाला, आई, उकडतंय ना, पंखा वाढव. मृणाल थांबते कुठे ऐकायला?"

मी हॉलमध्ये येऊन मशिनसमोर मांडी घातली. मला ते वाक्य फाइलींत शोधायचंच होतं. 'उशीर झाला' म्हणून त्याने कधीतरी रेकॉर्ड केलं असेल, मशिनने चुकून लावलं असेल, असलं काहीतरी मला हवं होतं. आवाजाचं फोल्डर सापडलं. हेडमास्तरच तो, वर मोठं नाव लिहिलेलं, 'आईसाठी'. उघडलं.

रिकामं होतं.

कचरापेटी बघितली, जुन्या प्रती बघितल्या, दुसरी डिस्क बघितली. स्पीकर उघडून बघितला, त्यात काही साठवायची सोयच नाही. हे काम मला येतं हो, पंधरा वर्षं हेच करतोय. एकही फाइल नव्हती. नोंद मात्र होती. सगळ्या फाइली सलिलच्या फोनवरून पुसलेल्या. तीन जून, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

"वहिनी, तीन जूनला सलिल कुठे होता?"

"हॉस्पिटलात. का?"

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं.

"दोन तारखेला संध्याकाळी मी आंघोळीला घरी आलेले," त्या म्हणाल्या. "नऊ वाजले आणि याचा आवाज आला. हा तिकडे पिवळाफटक पडलेला, आणि इथे मजेत बोलतोय. मी जिन्यात बसून रडले. रात्री परत गेल्यावर त्याला म्हटलं, बंद कर रे तो आवाज, मला नाही सहन होत. तो म्हणाला, सकाळपर्यंत करतो." त्यांनी स्क्रीनवरची तारीख परत वाचली. "सकाळी तो कुणाला ओळखत नव्हता, भावोजी. मला वाटलं, राहूनच गेलं."

"राहिलं नव्हतं. केलेलं त्याने."

"मग रोज... अडीच महिने... हे कोण..."

मला काढून टाकायला सांगितलेलं, आणि काढायला तिथे काही नव्हतंच. मी यंत्र खिशातून काढलं, परत खिशात घातलं. "वहिनी, मला नाही येत हे बंद करता," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मशिनसमोर बसून असं म्हटलं असेन. त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा राग कुठे गेला कोण जाणे, आणि मला दिसलं की त्यांना आता एकच गोष्ट विचारायची होती, पण तोंडातून निघत नव्हती. सासूशी बोलतो. माझ्याशी का नाही?

हॉलमधला स्पीकर शोकेसवर होता. त्याचा दिवा लागला.

"मृणाल, सुदेशला चहा दिलास का गं?"

मी जागच्या जागी थिजलो. वहिनी मात्र दचकल्यासुद्धा नाहीत. बावीस वर्षांची सवय, पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले.

"ठेवतेय रे," त्या म्हणाल्या. गॅस पेटवल्याचा आवाज आला. पातेल्यात पाणी पडलं. मग दारात येऊन, हातात कप धरून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि तुला... अर्धा घालू?"

दिवा अजून चालूच होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उत्तराची वाट बघायला लागलो.