ग्रुमांत बेटावरची अंगाई

उस्तिन्या एकदा नवस बोलली होती: माझा साव्वा बर्फातून सुखरूप परत आला, तर उत्तरेच्या गोठत्या समुद्रातल्या ग्रुमांत बेटावर जाऊन स्वतःच्या हातांनी लाकडी क्रूस उभा करीन. दर्यावर्दींचा रखवाला संत निकोला, त्याने ऐकलं; साव्वा परतला. पुढच्या उन्हाळ्यात ती नवरा साव्वा आणि धाकटा दीर फोका यांच्याबरोबर शिकारीच्या बोटीत बसली. नवस फिटला, पण परतायच्या आधीच खाडी गोठली.

मग सूर्य मावळला तो मावळलाच. भर दुपारीही खोपटात चरबीचा दिवा जळे, त्याचा खवट धूर छताशी साचे. बाहेर, आजवर इथे अडकून मेलेल्यांचे क्रूस वाऱ्यात करकरत. ती सगळी माणसं झोपेतच गेली होती. हिरड्या सुजवणारा इथला आजार म्हणजे एक म्हातारी, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. ती अंगाई म्हणते. डोळा लागला की संपलं. म्हणून शिकारी दोरीला गाठी मारत, सोडवत, पुन्हा मारत जागे राहतात.

साव्वाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. एके दुपारी त्याच्या हातातून दोरी गळाली.

"दादा, घोरलास तर तुझ्या वाटचं मांस मी खाईन हं," फोका म्हणाला.

साव्वा नुसता हसला. उस्तिन्याने अस्वलाचं कातडं त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं, कपाळावरून हात फिरवत राहिली...

"वहिनी... कोण गातंय?"

"कोणी नाही रे."

"मग तुझे ओठ का हलतायत?"

तिने तोंडावर हात दाबला. घरी पोरांना निजवताना गायची तीच अंगाई! ओठ मिटले. गाणं मात्र थांबलं नाही...

"देवा, ह्याचे डोळे उघड," ती पुटपुटली, "दर वर्षी ह्या दिवशी जागरण करीन." तिने साव्वाच्या थोबाडीत मारली, ह्या आजारावरचा एकच उतारा, गोठलेलं कच्चं मांस, त्याच्या दातांत कोंबलं. "ऊठ मेल्या! शिव्या दे मला!"

"सोड... म्हातारे..."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?" ती रडत रडत हसली.

"तुला नाही," तिच्या खांद्यामागे पाहत तो म्हणाला.

ती वळली नाही. दोरी त्याच्या बोटांत गुंडाळत राहिली.

साव्वा जगला. उन्हाळ्यात तिघंही घरी परतली. जागरण तिने एकदाही चुकवलं नाही. फक्त तिच्याशी बोलताना साव्वाची नजर जन्मभर तिच्या चेहऱ्यावर नसे. जराशी मागे असे.

बायांनो, आजाऱ्याच्या उशाशी बसाल तेव्हा तुम्हीही असाच नवस बोला, देव ऐकतो. एवढंच करा, आजारी माणूस तुमच्यामागे पाहून ओळखीचं हसला, तर वळू नका.