आली, आली, चला!

बसमध्ये एकेकाच्या खांद्याला हात लावून मी माणसं मोजते, म्हणून हसतेस ना? हस. उद्यापासून तू माझ्या जागी जाणार आहेस प्रवाशांना घेऊन, म्हणून हे सांगते. एकदाच सांगणार आहे, मध्ये बोलू नकोस.

पूर्वी मी अशी मोजायची नाही. म्हातारी माणसं जागा बदलतात, कुणी बाथरूमला पळतं, कुणी पाण्याची बाटली आणायला उतरतं. डोकी मोजून माझंच डोकं फिरायचं. म्हणून मी युक्ती काढली होती. दारात उभं राहून ओरडायचं, "शेजारचे आले का?" प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे बघायचं आणि हाळी द्यायची. "आले!" की गाडी सुटली. माणूस स्वतःबद्दल थापा मारेल, शेजाऱ्याबद्दल कशाला मारेल, असा माझा हिशोब होता.

एका खेपेला माझी ताई बरोबर होती. भावोजी जाऊन वर्षही झालं नव्हतं. आधी देवाचं शहर, मग डोंगरावरचं थंड हवेचं गाव, अशी ट्रिप तिला करायची होती. भावोजींनी तिला कबूल केली होती ती, दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलली, आणि मग स्वतःच गेले. ताई जेवेना, बोलेना. शेवटी भाची मला म्हणाली, "मावशी, तू ने तिला. पण परत आण हं. मला आता आई एवढीच आहे."

"आणते गं बाई," मी म्हटलं. "तुझ्या दारात उभी करते."

भावोजींची एक सवय सांगायला हवी. ताई जन्माची उशिरा येणारी. कुठे निघायचं म्हटलं की आम्ही सगळे गाडीत घामाघूम, आणि ही आत आरशासमोर. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच!" असं आतून ओरडायची. ड्रायव्हर कुरकुरायला लागला की भावोजी मागच्या सीटवरून ठणकावून सांगायचे, "आली, आली, चला!" पत्ता नसायचा तिचा! पण गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला की ताई पदर सावरत धावत यायची, आणि आम्ही पोट धरून हसायचो. आमच्या घरात तो जन्मभराचा विनोद होता.

बसमध्ये ताई एकटीच दोन सीटवर बसली होती, मागून दुसऱ्या रांगेत. तिला शेजारी नव्हता, म्हणून प्रत्येक थांब्यावर मी स्वतः मागे जाऊन तिला बघून यायची.

देवाच्या शहरात अरुंद गल्ल्या आणि गर्दी एवढी की पाय उचलला तर ठेवायला जागा नाही. ताई देवासमोर उभी राहिली ती हलेचना. मागचे लोक शिव्या द्यायला लागले तेव्हा मी तिला ओढून बाहेर काढलं. बघते तर चेहरा एकदम शांत. इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"काय मागितलंस गं एवढं?"

"काही नाही. ह्यांना सांगितलं, ट्रिप अर्धवट सोडायची नाही म्हणून."

मला वाटलं, बोलली तरी, बरं झालं. दुसऱ्या दिवशी घाट लागला तेव्हा ताई खिडकी सोडून अलीकडच्या सीटवर बसली होती.

"खिडकीत बस ना, हवा लागेल."

"राहू दे. घाटात मळमळतं ह्यांना."

दुःखातलं माणूस काहीही बोलतं. पण परत फिरताना नाकात वास आला. खोकल्याच्या गोळीचा, तोच उग्र, भावोजींच्या सदऱ्याला यायचा तो. म्हटलं, बसमध्ये इतकी म्हातारी माणसं आहेत, कुणालाही खोकला असेल.

डोंगरावरच्या गावाच्या अलीकडे एक कडा आहे. एका बाजूला लोखंडी कठडा आणि खाली नुसती दरी. दुपारी आम्ही उतरलो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. लोक फोटो काढत होते, ताई कठड्याशी उभी होती. आणि बघता बघता खालून धुकं आलं. झाडं गेली, कठडा गेला, माझा स्वतःचा हात दिसेना. ओल्या मातीचा, ओल्या पाचोळ्याचा वास आणि सगळीकडे सुन्न शांतता... मी शिट्टी फुंकून फुंकून सगळ्यांना गाडीत कोंबलं. ड्रायव्हरची घाई चालली होती, अजून वाढलं तर पुढचा घाट पार करता येणार नाही म्हणाला.

दारातून मी ओरडले, "शेजारचे आले का?"

"आले! आले!" रांगेरांगेतून उत्तरं आली. आणि सगळ्यात शेवटी, मागून, ठणठणीत आवाजात, "आली, आली, चला!"

मी हसले गं. खरंच हसले. जन्मभर ऐकलेलं वाक्य ते, कानाला खटकलंच नाही. "चला दादा," मी ड्रायव्हरला म्हटलं आणि गाडी सुटली.

दोन वळणं गेली असतील. मग ध्यानात आलं, तो आवाज भावोजींचा होता.

मागे गेले. ताईची सीट रिकामी. खिडकीची सीटही रिकामी, पण गादी दबलेली, कुणी आत्ताच उठल्यासारखी. काचेवर आतून साचलेलं बाष्प कुणीतरी तळव्याने गोल पुसलं होतं.

"अहो, इथल्या बाई?"

पुढच्या रांगेतले निवृत्त मास्तर म्हणाले, "आत्ता तर मागचे गृहस्थ बोलले ना, आली म्हणून?"

घाटात गाडी वळेना. मी उतरले आणि धुक्यातून मागे पळत सुटले. "ताई! ताई गं!" माझाच आवाज मला परत येत होता. कठडा हाताला लागला आणि त्याच्या पलीकडून, खालच्या बाजूने, कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं.

ताई कठड्यापलीकडे खडकावर बसली होती. पाय दरीत सोडलेले. अर्धी शाल स्वतःच्या अंगावर, अर्धी शेजारी पसरलेली.

"गाडी सोडलीत ना?" ती वळूनही न बघता म्हणाली. "हे म्हणालेच होते... आता सोडतील. मग आपण दोघंच."

मी तिचं मनगट धरलं. बर्फासारखं गार. "ऊठ. घरी पोरगी वाट बघतेय. ऊठ म्हणते ना!"

"बरं," ती म्हणाली. अगदी मुकाट्याने उठली. मग शेजारच्या रिकाम्या खडकाकडे बघून हळूच बोलली, "तुम्ही व्हा पुढे... मी आलेच."

तिथून घरापर्यंत मी तिचा हात सोडला नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. ट्रिप कंपनीने पाठवलेल्या दुसऱ्या बाईवर सोपवून तिला घेऊन सरळ परतले. ताई अधूनमधून, कुणी वाट बघत असावं तशी, केस नीट करायची.

भर उन्हाळ्याची दुपार होती. अंगाची लाही होत होती. टॅक्सी दाराशी थांबली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ताईचा हात, अशा आम्ही जिना चढलो. दारापाशी आले आणि बेल वाजवायला मी हात सोडला. तेवढाच.

आतून भाचीने विचारलं, "मावशी? आई आली का?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या कानामागून आवाज आला. "आली, आली, चला!"

आत भाचीची पावलं थबकली. तिनेही ओळखला होता बापाचा आवाज.

मी वळले. मागे ताई नव्हती.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. खाली टॅक्सीवाला दारातच उभा होता, कुणी उतरलं नाही म्हणाला. शोधायचं तितकं शोधलं, अजून शोधतोय. पण मला खरं छळतं ते भाचीचं बोलणं. दार उघडल्यावर तिने आधी आईचं नाव घेतलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली,

"मावशी... जिन्यात एवढं धुकं कुठून आलं गं?"