खोक्यातला गार दिवा

"विरेश! ही हलत नाहीत!"

शिवप्रिया दिवाळीच्या सुट्टीसाठी मुरूमला आली होती. सकाळी तिनं पिल्लांच्या खोक्यावरचा कपडा उचलला आणि ती ओरडलीच. तिचा चुलतभाऊ विरेश धावत आला, मागोमाग शेजारचा उत्कर्ष. लव्हबर्डच्या तीन पिल्लांपैकी दोन ताठ पडली होती. तिसऱ्याची मान लटकली होती, पण छाती अजून हलत होती.

पिल्लांची आई गेल्या आठवड्यात मेली होती. नर एकटा पडला. तो स्वतःच खाईना, मग पिल्लांना काय भरवणार? म्हणून तिघांनी थर्माकोलच्या खोक्यात ऊबघर केलं होतं. एका बाजूला जाळीआड पिवळा बल्ब, कोपऱ्यात पाण्याची वाटी, तळाला मऊ फडकं, झाकणाला हवेसाठी भोकं.

"पण दिवा तर लागलाय!" उत्कर्ष म्हणाला.

विरेशनं हात लावला. "अरे, हा गार आहे! आपला पिवळा होता, हा पांढरा एलईडी आहे! याला नुसता उजेड, ऊब नाहीच!"

उत्कर्षनं भरवायची सिरिंज उचलली.

"थांब! गारठलेल्या पिल्लाला पचत नाही. आधी ऊब!" शिवप्रियानं पिल्लू ओंजळीत घेऊन गळ्याशी धरलं. "मला तो पिवळा बल्ब पाहिजे. आत्ता! बाजारात आता तसला सहज मिळत नाही. आणि ज्यानं तो काढला, त्याला मी सोडणार नाही!"

"रात्री बल्ब लागलेला होता," विरेश विचार करत म्हणाला. "चालू बल्ब काढला म्हणजे बोट भाजलंच असणार!"

तिघं अंगणात आले. घरातले धाकटे कल्याणप्पाकाका डाव्या हातानं चहा पीत होते. उजव्या हाताच्या बोटावर पांढरा लेप होता.

"काका, बोटाला काय झालं?"

"चुना हाय, तंबाखूचा. पिल्लं गेली व्हय? मांजरानं केलं असंल. लई वाईट झालं बघा."

उत्कर्षनं नाक पुढं केलं. "काका, चुन्याला पुदिन्याचा वास कधीपासून यायला लागला? ही तर टूथपेस्ट! भाजल्यावर लावतात ती!"

काकांनी बोट मागं लपवलं.

"बल्ब कुठं आहे, काका?" शिवप्रियानं विचारलं.

"सणाला घरात मिणमिणता दिवा बरा दिसतो व्हय? समदे बदलले! दिव्याच्या जागी दिवाच दिला की! काय बिघडलं?"

"दोन मेली. तिसरं मरतंय. बल्ब कुठं आहे?"

"...कचऱ्याच्या पोत्यात."

विरेशनं पोतं अंगणात उलटं केलं. बल्ब शाबूत होता! त्यानं तो लगेच खोक्यात परत बसवला. दुपारपर्यंत खोकं छान उबदार झालं, पिल्लानं मान उचलली आणि चोच वासली. शिवप्रियानं त्याला कोमट खाणं थेंबथेंब भरवलं.

"वाचलं!" उत्कर्षनं उडी मारली.

"हे वाचलं," शिवप्रिया म्हणाली. "त्या दोघांचं काय? काकांना कळू दे गारठा म्हणजे काय ते!"

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. पहाटेचा अंधार होता, थंडी बोचत होती. अंगभर तेल चोपडून काका मोरीत पाटावर बसले.

"विऱ्या, ओत कढत पाणी!"

विरेशनं भरलेला तांब्या डोक्यावर रिकामा केला.

"अगं आई गं! गार हाय की रं!"

"गार कसं असेल, काका? तुमच्या नव्या पांढऱ्या दिव्याखाली रात्रभर बादली ठेवलीय!"

"दिव्याच्या जागी दिवा आहे की! काय बिघडलं?" शिवप्रिया दाराआडून म्हणाली.

आवाज ऐकून काकांचे वडील, सिद्रामप्पाअज्जा आले. सगळं ऐकून ते पोट धरून हसले. "शाब्बास, पोरांनो! पिल्लू वाचवलं आणि चोरही धरला! आमाला कुणाला सुचलं न्हाय ते तुमी केलं."

"अण्णा, मला हुडहुडी भरलीय!"

"भरू दे, कल्याणा. पाणी तापेपर्यंत बस तसाच."

"अज्जा, अजून एक तांब्या ओतू?" पहाटेच येऊन थांबलेल्या उत्कर्षनं विचारलं.

"ओत!"

त्या दिवशी काकांनी बोटाला नवी टूथपेस्ट लावली, मुलांना चकल्या दिल्या, पिल्लासाठी जास्तीचं फडकंही आणून दिलं. मेलेल्या दोन पिल्लांबद्दल 'माझं चुकलं' असं मात्र ते अजून म्हणालेले नाहीत.