केस्लर फ्लॅटला रेंज नव्हती

मुक्कामाची जागा ठरवताना आर्डिथ आधी फोनकडे बघायची, मग डोंगराकडे. घर विकून ती आणि तिचा नवरा रॉइस फिरत्या गाडीत राहायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पाणी आठवडाभर पुरवता येतं, वीज छपरावरच्या सौर पत्र्यांतून मिळते, पण रेंज कुठून आणणार? त्यासाठी रॉइसने गाडीत सगळी जय्यत तयारी केली होती. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, शिडीला बांधलेला उंच खांब, त्यावर अँटेना, शिवाय उपग्रहाची थाळी. त्याची हयात टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली होती. कुठेही गाडी लावली की तो खांब वर चढवायचा आणि खालून ओरडायचा, "आली का?"

त्या जानेवारीत नेवाडातल्या वाऱ्याने थाळीच उचलून नेली. नवी टोनोपा गावाच्या पोस्टात यायची होती. तोवर थांबायला म्हणून ते केस्लर फ्लॅटवर उतरले. कोरड्या तळ्याची पांढरी सपाटी, चहूकडे बोडके डोंगर. खांब पूर्ण वर नेल्यावर फोनवर रेंजची एक काडी लागत होती.

"चालेल," आर्डिथ म्हणाली. "जेनेलशी सकाळचं बोलणं झालं म्हणजे पुरे."

जेनेल त्यांची एकुलती एक मुलगी, दूर उत्तरेला डुलुथ शहरात असायची. दिवस भरत आले होते, रक्तदाब चढलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केली होती. तिचा नवरा किप बर्फ उपसायच्या गाडीवर, तो दिवसदिवस बाहेर. घर विकलं तेव्हा जेनेल चिडून म्हणाली होती, "मला माहेर हवं तेव्हा मी कुठे यायचं? नकाशात शोधायचं?" तेव्हापासून आर्डिथ रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तिला फोन लावायची. कधी आवाज तुटायचा, कधी चेहरा अडकायचा, पण लावायची. कळा सुरू झाल्या की गाडी इथेच कुठेतरी लावून विमानाने निघायचं, असं ठरलेलं होतं.

मग पाऊस आला. तळ्याची माती साबणासारखी झाली आणि गाडीची चाकं रुतली. त्याच दिवशी ती एक काडीही गेली.

रॉइसने खांब फिरवून पाहिला, सिमं बदलून पाहिली. चिखल तुडवत तो मागच्या टेकडीवर चढला आणि फोन डोक्यावर धरून उभा राहिला. "काही नाही," तो खाली येऊन म्हणाला. "इथे कधी काही नव्हतंच, असं वाटतंय."

आर्डिथ रोज सकाळी निरोप लिहायची: आम्ही ठीक आहोत, अडकलोय, काळजी करू नकोस. प्रत्येकापुढे तो न गेल्याची लाल खूण यायची. जेनेल एकटी, वाट बघत असेल, रडत असेल, रक्तदाब वाढला असेल. कधीकधी अगदी पहाटे खांबाच्या तारेतून बारीक गुणगुण ऐकू यायची, लांब कुणीतरी बोलत असल्यासारखी. वारा असेल, रॉइस म्हणाला. वारा पडलेला होता.

जमीन वाळली तशी त्यांनी गाडी काढली. टोनोपाच्या अलीकडच्या चढावर फोनला भरभरून रेंज आली. आता निरोपांचा पूर येईल म्हणून आर्डिथने श्वास रोखला.

एकही आला नाही.

तिने फोन लावला. जेनेलने लगेच उचलला.

"काय गं आई? काही सांगायचं राहिलं का?"

"राहिलं? अगं, इतके दिवस..."

"आत्ताच तर ठेवलास ना फोन! कॉफीसुद्धा संपली नसेल तुझी."

आर्डिथने रस्त्याकडेला थांबायची खूण केली. रॉइसने गाडी थांबवली.

"जेनेल, आपण कधी बोललो?"

"रोजच बोलतोय की. बाबांनी त्या खांबाचं काय केलं कोण जाणे, पण हल्ली किती स्वच्छ दिसता दोघं! शेजारच्या खोलीत बसल्यासारखी." मग तिचा आवाज मऊ झाला. "आणि आई, अँडर्सबद्दल सांगितलंस ते बरं केलंस. इतकी वर्षं तू एकटीने ते धरून ठेवलंस. मला वाटायचं, तुला काही जाणवतच नाही."

अँडर्स. जेनेलच्या आधीचा. जन्मला तेव्हाच गेलेला. हे नाव आर्डिथ आणि रॉइस एकमेकांपाशीही कधी काढत नसत.

"जेनेल, नीट ऐक," ती म्हणाली. "ती मी नव्हते."

रॉइसने फोन ओढून घेतला. "बेटा, आजकाल आवाज, चेहरा, सगळं नकली करतात. तिने काही मागितलं का? कुठला पासवर्ड वगैरे?"

"काहीच नाही मागितलं. फक्त माझी विचारपूस करते." जेनेल घाबरली होती. "थांबा, व्हिडिओ लावते."

तिचा सुजलेला चेहरा दिसला. आर्डिथ पडद्याजवळ गेली. "बघ, बघ माझ्याकडे."

"तू अडकतेयस," जेनेल सावकाश म्हणाली. "तुकडे होतायत तुझ्या चेहऱ्याचे. ती एकदाही अडकली नाही." मग तिने विचारलं, "लहानपणी माझा कान दुखायचा, तेव्हा मला मांडीवर घेऊन कसली गोष्ट सांगायचीस?"

आर्डिथला खुर्ची आठवली. खांद्यावर टेकलेलं तापलेलं डोकं आठवलं. गोष्ट आठवेना.

"जेनेल, त्याला खूप वर्षं..."

"तिने मी विचारायच्या आधीच सांगितली होती," जेनेल म्हणाली. "कोण आहात तुम्ही?"

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

विमानतळ गाठायचा, तर वादळाने उड्डाणं बंद होती. त्यांनी गाडीच हाकली. वायोमिंग ओलांडलं, साउथ डकोटा ओलांडलं. नळ्यांतलं पाणी गोठू नये म्हणून टाक्या रिकाम्या केल्या, बर्फ वितळवून प्यायले. सगळीकडे रेंज भरपूर होती. किपचा नंबर एकदा लागला.

"किप, मी रॉइस."

"रॉइसशी मी सकाळी बोललोय," किप म्हणाला. "आम्हाला मुलगी झालीय. आमच्या वाटेला जाऊ नका. पुन्हा फोन आला तर पोलिसांना कळवेन."

रॉइसने फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "नात झाली आपल्याला."

"त्यांना," आर्डिथ म्हणाली. तिला हसू आलं, आणि मग थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

भर दुपारी ते डुलुथला पोचले. शहरालगतच्या सरोवरावरून बोचरा वारा येत होता. जेनेलच्या घरापुढचा बर्फ कोराकरकरीत होता, त्यावर फक्त यांच्याच पावलांचे ठसे उमटत गेले.

आर्डिथने घंटा वाजवली.

किप दाराच्या काचेशी आला. त्याने दार उघडलं नाही. तो चिडलेला नव्हता. दोघांकडे त्याने कीव आल्यासारखं पाहिलं.

"किप, जेनेलला बोलव," रॉइस म्हणाला. "आम्हाला एकदा बघू दे तिला."

किपने मान आत वळवली.

"आर्डिथ, ते आलेत," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात तसेच दिसतात."

आतून बाळ रडल्याचा आवाज आला. कुणीतरी त्याला थोपटलं, आणि ते शांत झालं.

आर्डिथने कपाळ काचेला टेकवलं. घर उबदार होतं, काचेवर आतून वाफ धरली होती. दाराआडच्या पायपुसण्यावर बुटांचे दोन जोड शेजारी शेजारी नीट ठेवले होते, एक पुरुषाचा, एक बाईचा.

त्या बुटांवरचा बर्फ वितळत नव्हता.