कोऱ्या दगडावरची मेणबत्ती

आमच्या घरी एक नियम होता. परक्याच्या कबरीवर आपल्या माणसाच्या नावाने मेणबत्ती लावायची नाही. का, ते विचारायचं नाही. लहानपणी मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा एलायसमामाने मला "चूप" म्हटलं. मामा इंजिनियर. मशीनमधला प्रत्येक स्क्रू कशासाठी आहे ते सांगेल, पण हे नाही.

तर ऐक. २०२१चा नोव्हेंबर. मामा तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेकडच्या एका बेटावर, तिथल्या पॉवर हाउसमध्ये कामाला होता. मम्मी आणि मी केर्न्सहून चार दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. मार्चमध्ये डॅडी देशाबाहेर जायची परवानगी काढून आजारी आजीला बघायला वसईला गेले, आणि मे महिन्यात, इकडची विमानं बंद असताना, तिकडेच कोविडने गेले. दफन आम्ही फोनवर पाहिलं. पांढरे पीपीई घातलेले चौघे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, मग नेटवर्क गेलं. तेव्हापासून मम्मी एकच वाक्य बोलायची, "मी तोंडसुद्धा नाही पाहिलं."

दोन तारखेला, ऑल सोल्स डेला, म्हणजे मृतांची आठवण करायच्या दिवशी, दुपारी तिचं मन रमावं म्हणून मामा आम्हाला बेट दाखवायला घेऊन गेला. आधी टेकडीवरचा इंग्रजांचा किल्ला, समुद्राकडे तोंड करून गंजत बसलेल्या तोफा. मग किनाऱ्यावरच्या दगडी भिंती. ओहोटीला मासे अडावेत म्हणून इथल्या लोकांनी रचलेल्या, इतक्या जुन्या की वय कोणी सांगत नाही. त्यांच्याच वरच्या उतारावर पाणबुड्या माणसांचं कबरस्तान. मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारायला देशोदेशींहून आलेली माणसं. बऱ्याच दगडांवर नावच नव्हतं.

"कोण कुठला, कुणाला माहीत नसायचं," मामा म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वसईत आज प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लागणार होती, आणि डॅडींची कबर कुठली तेच आम्हाला माहीत नव्हतं. मम्मी सकाळपासून पर्समध्ये एक बोटभर मेणबत्ती घेऊन फिरत होती. मी ती काढली आणि एका कोऱ्या दगडावर लावली.

"माझ्या डॅडींसाठी. फ्रँकीसाठी," मी मोठ्याने म्हणाले.

"लवी, विझव ती," मामा म्हणाला.

"का?"

"युनिव्हर्सिटीत गेलीस म्हणून सगळ्याला का विचारायचं नसतं. विझव."

"कारण सांग, मग विझवते."

मामाने स्वतःच फुंकर मारली. वारा एवढा होता की मम्मीचा स्कार्फ फडफडत होता, पण ज्योत खिळ्यासारखी सरळ. त्याने ती चिमटीत धरली आणि हात झटकला. बोटं पोळली. ज्योत तशीच.

"चला," तो हळू म्हणाला. "मागे बघायचं नाही."

मी बघितलं, अर्थात. खाली भरती चढत होती. दगडी भिंतीवर कोणीतरी उभं होतं. जाड, फुगलेला पांढरा पोशाख, डोक्यावर गोल काहीतरी. मला पीपीईच वाटला. त्या वर्षी पांढरं काही दिसलं की तेच वाटायचं.

सहा वाजले असतील. मामाच्या घरी मम्मी चहा ओतत होती तेव्हा वास आला. आधी खाडीच्या चिखलाचा. मग गरम मेणाचा. मग... डॅडींच्या दाढीनंतरच्या लोशनचा. बाहेरच्या लाकडी पायऱ्यांवर ओली पावलं चढली आणि थांबली. कडी वाजली नाही. फक्त कोणीतरी श्वास घेतला, लांब, नळीतून ओढल्यासारखा.

"लवी..." आवाज डॅडींचाच. "माझं पूर्ण नाव काय गं?"

मम्मीने कप खाली ठेवला आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस, लूसी," मामा मम्मीला कुजबुजला. आणि इतक्या वर्षांनी त्याने मला कारण दिलं. "नाव नसलेल्याला नाव मिळालं की तो ते घेऊन घरी येतो. अर्धं मिळालं तर उरलेलं मागायला येतो. पूर्ण दिलं, की तो आपला. तोंडासकट."

"आणि ज्याचं नाव दिलं, तो?"

"त्याच्याकडे मग नाव राहत नाही."

"तोंडासकट?" मम्मीने विचारलं. ती दाराकडे निघाली होती. "एकदाच बघू दे, लवी. एकदाच..."

मामाने तिच्याकडे पाहिलं, आपल्या पोळलेल्या बोटांकडे पाहिलं. "सांगू दे तिला," तो म्हणाला. "सहा महिने झोपली नाहीये माझी बहीण."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पाठीमागचं लाकूड ओलं लागत होतं.

"नाही. कबर कुठली ते माहीत नाही, दगड नाही, कोणी फूल टाकलं की नाही तेही माहीत नाही. डॅडींकडे तिकडे नावाशिवाय काहीच नाहीये. ते मी देणार नाही. तुम्हालाही देऊ देणार नाही."

मम्मी खाली बसली. दाराच्या फटीतून गरम मेणाचा बारीक ओघळ आत आला, माझ्या टाचेला लागला, पुढे गेला. मेणबत्ती बोटभर होती. ओघळ उजाडेपर्यंत येत राहिला, आणि तोवर मम्मी-मामापैकी कोणीही ते नाव उच्चारलं नाही.